टेपचं दुसरं टोक

टाचणीला भाड्याने खोली बघायची होती, म्हणून त्या दिवशी आम्ही दोघी जुन्या वस्तीत गेलो. एवढंच काम होतं. माझी सुट्टी होती, पायात धड चपला होत्या, आणि घड्याळात दुपारचे अडीच वाजले होते. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं लोक म्हणतात. म्हणू देत. लोकांना काय, जीभ उचलून टाळूला लावायला पैसे पडत नाहीत.

टाचणी म्हणजे माझी मैत्रीण. पडदे शिवते. अंगाने सुकडी आणि तोंडात सदा दोन-चार टाचण्या धरलेल्या, म्हणून हे नाव पडलं. ती मला फौजदार म्हणायची. मी इस्पितळात फरशा पुसते. आमच्या वॉर्डांचे पडदे शिवायचं काम तिला मिळालं, तेव्हा खिडक्यांची मापं घ्यायला दुसरं माणूस हवं होतं. मी फडकं बादलीत टाकलं आणि टेपचं टोक धरलं. तिथून आमची ओळख. अकरा वर्षं झाली.

तिची माप घ्यायची पद्धत आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पन्नास फुटी टेप, चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली. टोकाला पितळेची कडी. कडी माझ्याकडे, डबी तिच्याकडे. ती ‘धर’ म्हणाली की मी कडी भिंतीला टेकवून धरायची. ती डबी घेऊन पुढे जायची. फुटाफुटाला डबीत कट असा आवाज व्हायचा. ‘सोड’ म्हणाली की मी सोडायचं. मधे अवाक्षर काढायचं नाही. एकदा मी मधेच विचारलं, चहा घेणार का, तर तिचा आकडा चुकला आणि बायकांच्या वॉर्डाचे सगळे पडदे वीतभर आखूड झाले. बायकांनी आम्हाला काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून ‘धर’ आणि ‘सोड’च्या मधे जग बुडालं तरी मी तोंड उघडत नाही.

ती राहायची धाकट्या भावाकडे. भाऊ ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. भावजयीला दुसरं मूल होणार होतं, घरात जागा नव्हती. भावजय वाईट नाही. तिने सरळ सांगितलं, ताई, रविवारपर्यंत बघा कुठे तरी. आणि टाचणीला नुसती पाठ टेकायला जागा नको होती, मशीन हवं, कापड पसरायला दहा फुटी टेबल हवं. टेबल नाही तर पडदे नाहीत, पडदे नाहीत तर पोट नाही. त्या दिवशी शुक्रवार होता.

आता जे सांगते ते मला सांगायला आवडत नाही. माझ्याकडे दोन खोल्या आहेत. नवरा गेल्यापासून पुढची खोली रिकामीच. त्याची खाट आहे आणि त्या खाटेवर मी वाळलेले कपडे टाकते. तिला ते माहीत होतं. तिने विचारलं नाही आणि मी म्हटलं नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असं मी मनाला सांगितलं. खोटं बोलले. टाचणी कसली तलवार. मलाच सवय झाली होती एकटीने जेवायची, एकटीने भांडायची. म्हणून तर तिच्यासाठी खोली शोधायला मी एवढी कंबर कसून निघाले होते.

जुनी वस्ती नदीच्या अलीकडे, उतारावर आहे. रस्ते असे की एक गाडी आली तर माणसाने भिंतीत शिरावं. घरं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून उभी. आम्ही दोघी इतकी वर्षं याच शहरात, पण त्या भागात कधी आत शिरलो नव्हतो. टाचणीला मजा वाटत होती. प्रत्येक खिडकीशी थांबायची.

“बघ गं फौजदार, ही खिडकी मापात नाही. डावीकडे बोटभर जास्त आहे.”

“तू पण मापात नाहीस. चल.”

पहिली खोली पाववाल्याच्या भट्टीवर होती. आत पाऊल टाकलं तर फरशी तव्यासारखी.

“हिवाळ्यात उबदार,” पाववाला म्हणाला.

“आणि उन्हाळ्यात हिला पण विकायला मांडा, पावाशेजारी,” मी म्हटलं. टाचणी इतकी हसली की तोंडातली टाचणी जिन्यावर पडली. ती शोधण्यात पाच मिनिटं गेली. दुसऱ्याच्या जिन्यात टाचणी सोडून जायची नाही, हा तिचा नेम.

दुसरी खोली बरी होती. पण घरमालकीण म्हणाली, “मशीन चालणार नाही. आमच्या ह्यांची झोप मोडते.”

“हे कामाला कधी जातात?” मी विचारलं.

“जात नाहीत.”

“मग आतापर्यंत झोप पुरी झाली असेल की.”

तिने दार लावून घेतलं. टाचणी म्हणाली, “तुला बरोबर आणलं की मला खोली मिळणार नाही.” हसत म्हणाली, पण आवाज जरा बसला होता. तीन वाजून गेले होते आणि आभाळ भरून आलं होतं.

कोपऱ्यावर एक घड्याळवाला बसला होता, एका डोळ्याला भिंग लावून. त्याला विचारलं, इथे खोली भाड्याने मिळेल का. त्याने मान वर न करताच बोट दाखवलं. “त्या बोळात. शेवटचं घर. ती खोली नेहमी रिकामी असते.”

“का? कोणी घेत नाही?”

“घेतात की. पुष्कळ जण घेतात.”

“मग रिकामी कशी?”

“ते मला विचारू नका. मी घड्याळं बघतो.”

मला तो उर्मट वाटला. मी दोन शब्द सुनावणार होते, पण टाचणी बोळात शिरली पण होती.

बोळ इतका अरुंद की दोघींना शेजारी चालता येईना. ती पुढे, मी मागे. वर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या, एकीवर पण कपडा नाही. दारं बंद. मागे रस्त्यावर एक हातगाडी खडखडत होती, तिचा आवाज आम्ही दहा पावलं गेलो आणि बंद झाला. हळूहळू कमी झाला नाही. दार लावल्यावर होतो तसा बंद झाला. आणि एक वास येत होता, तो मला नाकात घातलेल्या बोटासारखा ओळखीचा. नुकत्याच पुसलेल्या फरशीचा. ओलं फडकं, थोडं औषध. मी म्हटलं, चला, कोणीतरी स्वच्छ माणूस राहतं इथे.

शेवटच्या घराला रस्त्यावरून तीन पायऱ्या खाली उतरून दार होतं. दारावर पुठ्ठा, ‘खोली भाड्याने’. मी कुठलंही घर मागून बघितल्याशिवाय पुढून बघत नाही. ओल मागे कळते. म्हणून आम्ही बाजूच्या फटीतून मागे जाऊन आलो. घराला चिकटूनच एका गोदामाची भिंत होती, उंच, विटांची, खिडकी नसलेली. टाचणीने जाताजाता पावलं मोजली. “सोळा फूट खोल. त्याच्या वर इंचभर नाही,” ती म्हणाली. “टेबल लांबीला बसेल. मशीन खिडकीशी.” तिच्या मनात तिने संसार थाटला पण होता.

पायऱ्यांपाशी खुर्ची टाकून एक माणूस बसला होता. आम्ही मागे गेलो तेव्हा तो नव्हता. मांडीवर किल्ल्यांचा जुडगा. वय सांगता येईना, चेहरा पुसून काढल्यासारखा. किल्लीवालाच म्हणते त्याला.

“बघा,” तो म्हणाला. “उघडीच आहे.”

“तुम्ही नाही येत दाखवायला?”

“मी आत जात नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “दोघींना पुरेल.”

“मी नाही राहणार. ही एकटीच.”

“असं होय,” तो म्हणाला, आणि असं बघितलं की मला राग आला. माझ्या रिकाम्या खोलीचं त्याला कोणी सांगितलं की काय, असं वाटलं.

आत गेलो. खोली चांगली होती. खोटं कशाला बोलू. भिंती कोरड्या, एक खिडकी, तिच्यातून शेजारच्या घराची भिंत दिसत होती पण उजेड येत होता. समोर आतल्या खोलीचं दार, दार म्हणजे नुसती चौकट. आत अंधार होता. टाचणीने पिशवीतून टेपची डबी काढली.

“या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत घेऊ. धर.”

मी कडी भिंतीला टेकवली आणि तोंड मिटलं. मी भिंतीकडे तोंड करून होते, पाठ त्या चौकटीकडे. माप घेताना आमचं असंच असायचं, कडी हलू नये म्हणून मी अंगाने दाबून धरायची. मागे डबी वाजत होती. कट, कट, कट. सवयीने मी मोजत होते. आठ. दहा. तिची चप्पल चौकट ओलांडताना वाजली. बारा. चौदा. सोळा.

सतरा.

मला वाटलं, मी चुकले. अठरा. एकोणीस. तिची पावलं सावकाश, एकसारखी, ती मापाच्या वेळी टाकते तशी. वीस. पंचवीस. आवाज लांब जायला लागला. मागे तर गोदामाची भिंत होती. मी हात लावला होता त्या विटांना. माझ्या गळ्यापर्यंत आलं, अगं थांब. पण आकडा चुकेल. अकरा वर्षांची सवय हो... हसू नका. तिचा आकडा चुकेल म्हणून मी गप्प राहिले. तीस. पस्तीस. चाळिसाच्या पुढे आवाज ऐकू येईना, नुसतं कडीतून बोटांना कळत होतं. कट. कट.

मग टेप ताणली गेली. पन्नास फूट संपले.

‘सोड’ काही आलं नाही. मी वाट बघत राहिले. खिडकीतला उजेड राखेसारखा झाला होता. फरशीच्या औषधाचा वास वाढला होता. टेपला एक हलकासा हिसका बसला. मग थांबून आणखी एक. गळाला मासा लागला का ते बघतात तसा.

“सोड.”

आवाज टाचणीचा होता. पण तो पन्नास फुटांवरून आला नाही. माझ्या मानेच्या मागून आला. कानाला वारा लागला.

आणि मी सोडलं.

विचार केलाच नाही मी. ती सोड म्हणाली की मी सोडते. बोटं आपोआप उघडली. कडी फरशीवर पडली आणि टेप सरसरत आत गेली, साप बिळात जातो तशी. मी वळून बघितलं तर मागे कोणी नव्हतं. टेपचं शेपूट चौकटीच्या अंधारात नाहीसं होत होतं, आणि ते सरसरणं थांबतच नव्हतं. पन्नास फूट टेप आत जायला किती वेळ लागतो? मी उभी राहून ऐकत होते आणि ते चालूच होतं.

“टाचणे...” मी म्हटलं. मग ओरडले. माझा आवाज वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला जातो. इथे तो माझ्या पायाशीच पडला.

मी भित्री नाही. मेलेली माणसं मी पुसली आहेत, त्यांच्या खालची फरशी पण पुसली आहे. मी आत गेले.

आतली खोली बाहेरच्यासारखीच. तीच खिडकी, तीच भिंत बाहेर. समोर आणखी एक चौकट. फरशी ओली होती. मी खाली बघितलं. फरशी कोणाच्या हातची आहे ते मला बघून कळतं, जसं तुम्हाला अक्षर कळतं. आम्ही मागे मागे सरत पुसतो, दाराकडे, म्हणजे ओल्यावर पाय पडत नाही. आडवा हात, मग परत आणताना मनगटाला एक झटका, त्याने कडेला एक छोटी वळी उमटते. तो झटका माझा आहे. माझं मनगट एकदा मोडलं होतं, तेव्हापासून मी तसा झटका देते. इतर कोणी देत नाही.

त्या फरशीवर त्या वळ्या होत्या. ओळीने. आणि त्या बाहेरच्या दाराकडे येत नव्हत्या. पुसणारी मागे मागे सरत आत गेली होती.

मी ओल्यावर पाय दिला. आयुष्यात पहिल्यांदा. तिसरी खोली तशीच. चौथी तशीच. मी मागे वळून बघितलं नाही, कारण मागच्या चौकटी मोजाव्या लागल्या असत्या. पाचव्या खोलीत टाचणी होती. खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली, मांडीवर टेप नीट गुंडाळलेली. पाय हलवत होती, लहान पोरीसारखे.

“आलीस?” ती म्हणाली. “छान आहे गं खोली.”

“ऊठ.”

“मशीन इथे ठेवीन. टेबल तिथे. तुझी खाट या बाजूला.”

“माझी खाट कसली? ऊठ म्हणते ना.”

“मला कुठे जागा आहे दुसरी?” ती म्हणाली. हळू म्हणाली. माझ्याकडे बघत होती. “तू तर नाही म्हणालीस.”

मी काही म्हणालेच नव्हते, ना हो, ना नाही. पण तिला कळलं होतं. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मी तिचं मनगट धरलं. गार होतं, पण त्या खोलीत सगळंच गार होतं. “माझ्याकडे चल,” मी म्हटलं. “पुढची खोली तुझी. आजपासून. नवऱ्याची खाट विकून टाकते, तुझं टेबल बसेल. चल आता.”

ती लगेच उठली. मी तिला ओढतच निघाले. एक चौकट. दुसरी. बाहेरचा उजेड दिसायला लागला होता, आणि तेव्हा मागून हाक आली.

“फौजदार...”

लांबून. पन्नास फूट म्हणा, जास्तच.

“फौजदार, कुठे गेलीस गं... मी सोड म्हटलंच नाही अजून...”

टाचणीचा आवाज. दमलेला, आणि तोंडात टाचण्या धरून बोलावं तसा बोबडा. मी जागच्या जागी खिळले. मी धरलेल्या हाताने माझ्या हातात बोटं रुतवली. “मागे बघू नकोस,” शेजारची टाचणी म्हणाली. तिचे शब्द स्वच्छ होते. “ते आपल्याला फसवतंय. मी इथे आहे ना. चल.”

एका श्वासाइतका वेळ असेल. माझं अर्धं अंग मागे वळलं होतं. खरंच सांगते, मला वाटलं मी वळले, मी धावत आत गेले, माझ्या चपला ओल्या फरशीवर आपटल्या. तो आवाज मी ऐकला. पण मी तर उजेडाकडे चालत होते. माझ्या हातात हात होता. माणसाने हातातल्या हातावर नाही विश्वास ठेवायचा तर कशावर ठेवायचा? मागची हाक आणखी एकदा आली आणि मधेच तुटली, कोणी जाऊन तिला कवेत घ्यावं तशी.

आम्ही पायऱ्या चढून वर आलो. पाऊस पडून गेला होता, बोळ ओला होता. किल्लीवाला उठून उभा होता.

“आम्हाला नको खोली,” मी म्हटलं. “ही माझ्याकडे राहणार आहे.”

“हरकत नाही,” तो म्हणाला, आणि दारावरचा पुठ्ठा काढून काखेत मारला. “खोली गेली.”

“गेली? कधी?”

“आत्ताच.”

त्याने दार ओढून घेतलं आणि किल्ली फिरवली. मी तिथे भांडायला हवं होतं. दार उघड म्हणायला हवं होतं. माझं सगळं आयुष्य दारं उघडायला लावण्यात गेलं. पण शेजारी टाचणी उभी होती, जिवंत, श्वास घेत. मी तिचा हात धरून बोळातून बाहेर पडले. हातगाडी पुन्हा खडखडायला लागली, आणि मी रडले. रस्त्यात, सगळ्यांसमोर.

रविवारी तिचं सामान आणलं. मी खाली हातगाडीपाशी थांबले, ती वर जाऊन भावजयीला सांगून आली, खोली मिळाली म्हणून. भाऊ तेव्हा ट्रक घेऊन बाहेर होता.

दोन महिने झाले. ती पुढच्या खोलीत शिवते. मला वाटलं होतं आमची भांडी वाजतील. एकदाही वाजली नाहीत. मी ओरडले तरी ती उलट बोलत नाही, पूर्वी एकाला दोन ऐकवायची. तोंडात टाचण्या धरत नाही आता, उशीला टोचते. माप घ्यायला मला बोलावत नाही, खिडकीकडे बघते आणि कापड कापते, सूतभर चुकत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतके सुबक पडदे तिने कधी शिवले नव्हते. मी जेवायला बसले की समोर बसते. बरं वाटतं. आधीपेक्षा बरी आहे, असंच कुणीही म्हणेल. मी पण म्हणायचे.

काल इस्पितळाच्या फाटकाशी तिचा भाऊ भेटला. मी ड्युटी संपवून निघाले होते, चार वाजले असतील. लांबूनच त्याने हात केला.

“ताई, बरं झालं भेटलात. परवा विचारायचं राहिलं. तुमच्याकडे ओल येत नाही ना? पायऱ्या उतरून जायचं म्हणजे...”

“कसल्या पायऱ्या? मी तिसऱ्या मजल्यावर राहते.”

तो हसला. “तुमची मस्करी काय कळत नाही कधी. बायको म्हणाली बहीण जुन्या वस्तीत खोली बघायला गेली होती, म्हणून मी शोधत शोधत गेलो. घड्याळवाल्याने दाखवलं. दार तुम्हीच उघडलंत की.”

हातातली डब्याची पिशवी मी खाली ठेवली.

“बहीण फार वाळलीय माझी,” तो म्हणाला. “पण खूश होती. म्हणाली, फौजदार आली म्हणून मी जगले, नाहीतर एकटी पडले होते. तुम्ही सारख्या फरशी पुसत होतात. मी म्हटलं बसा हो, तर बसलातच नाहीत. मग मी निघालो तेव्हा दारापर्यंत आलात. हात धरलात माझा. इतका घट्ट की...” त्याने मनगट पुढे केलं. चार बोटांचे निळे वळ होते. “आणि काय ते बोललात. मला झोप नाही आली रात्रभर. म्हणालात, बाहेर मी भेटले तर माझ्याशी बोलू नकोस.”

एवढं बोलून तो थांबला. आपण काय करतोय ते त्याला तेव्हा समजलं. हसू तोंडावर होतं तसंच राहिलं, पण त्या हसण्यामागचा माणूस निघून गेला.

“अरे, ती कशी आहे?” मी विचारलं. “एवढंच सांग. ती बरी आहे ना?”

त्याने ओठ घट्ट मिटले. नुसती मान हलवली, हो पण नाही आणि नाही पण नाही, आणि माझ्याकडे बघत एक एक पाऊल मागे सरत राहिला.